विहीणबाई, आमच्याकडे फार डास

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना आमच्या फिलूताईंच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. आणखी एक सांगून ठेवते. या गोष्टीत मूर्ख कोण, ते शोधायला फार लांब जाऊ नका. ती तुमच्यासमोर बसून बिस्किटं पुढे करतेय.

तर आमची केतकी स्पेनला नोकरीला गेली आणि तिथल्या पाब्लो नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला. वरणभात हाताने खातो आणि माझ्याकडे बघून हसतो, जावयाकडून आणखी काय पाहिजे? लग्न मात्र वसईतल्या आमच्या उमेळ्याच्या घरी, अंगणात मांडव घालूनच करायचं, हे केतकीने पहिल्यापासून ठरवलेलं. कारण एकच, तिचे आजोबा.

बाबा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याऐंशी. वाडीच्या टोकापर्यंत जायचं तरी वाटेत दोनदा बसतात, ते विमानात बसून स्पेनला कुठे जाणार? त्यांनी तर मांडवाच्या दारात उभ्या करायला केळीची एक रांगच राखून ठेवली होती. त्या रांगेकडे कोणी कोयता घेऊन गेलं की काठी वर करायचे. "ती केतकीची केळ आहे. दुसरीकडे काप."

आता पाब्लोची आई कार्मेन, म्हणजे माझी होणारी विहीण. तिला मराठी येत नाही. इंग्रजी तिचं माझ्याइतकंच, म्हणजे 'थँक्यू' झालं की संपलं. मुलीच्या सासूशी मुक्यासारखं बसायचं का? मी ठरवलं, आपण स्पॅनिश शिकायचं.

आधी गेले शेजारच्या फिलूताईंकडे. माझं डोकं बघा कसं चाललं. वसईत एके काळी पोर्तुगीज होते, फिलूताई ख्रिश्चन, आणि पोर्तुगाल स्पेनला लागून आहे. म्हणजे यांना निम्मं स्पॅनिश तरी येत असणार.

"शोभा गो," फिलूताई कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या, "आमचा चर्चमधला मिस्सा मराठीत. आमची प्रार्थना मराठीत. मी नवऱ्याला बोल लावते तेसुद्धा मराठीत. स्पॅनिश तुला आणून कुठून देऊ, फणसातून?"

"पण थोडंफार पोर्तुगीज तरी..."

"एक शब्द येतो. पाव. तो तुलापण येतो. जा."

शेवटी केतकीने फोनवर धडे लावून दिले. त्यातली बाई इतकी गोड हसत शिकवायची की मला तिचा संशयच यायचा. पहिला धडा विमानतळावर. दुसरा हॉटेलात खोली मागण्याचा. तिसरा, भाड्याने घर हवंय. चौथा, नोकरीची मुलाखत. मला सांगा, माणिकपूरच्या बाजारापलीकडे एकटी न जाणाऱ्या बाईने मुलाखत कोणाला द्यायची? मी सगळे धडे वरवर बघून पुढे ढकलले.

आणि मग आला नववा धडा. विषय होता डास चावणे आणि घरगुती उपाय.

मी सरळ मांडी घालून बसले. म्हटलं, अखेर या लोकांना अक्कल आली. हा खरा आपला विषय.

आमची वाडी तुम्ही बघितली आहे. केळी, पानवेली, मागे बावखल. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं, शिंपण्यासाठी खणलेलं. दिसतं सुंदर. आता आजूबाजूला इमारती झाल्या, त्यांचं पाणी कुठेही तुंबतं, आणि तिथले डास पत्ता विचारत आमच्याकडे येतात. उपाय सुचवणाऱ्यांची तर इथे कधीच कमतरता नव्हती. कोणी म्हणतं कडुलिंबाचा पाला जाळा. कोणी म्हणतं लिंबात लवंगा टोचा. आमच्या मोठ्या जाऊबाई सुमनताई, बांधापलीकडे राहतात, त्यांनी तर निळीच्या पाण्याची बाटली आणून दारात टांगली.

"सुमनताई, ही बाटली कुत्र्यांसाठी लावतात," मी म्हटलं.

"डासांना काय कळतंय," त्या म्हणाल्या.

या असल्या शास्त्रज्ञांमध्ये मी तीस वर्षं काढली. तेव्हा नवव्या धड्यात आना नावाची मुलगी आपल्या मैत्रिणीला डासांचं रडगाणं सांगते, ते मला अगदी सख्ख्या बहिणीचं वाटलं. "एन मि कासा आय मुचोस मोस्कितोस." माझ्या घरात फार डास आहेत. पुढे ती दंड दाखवते, मान दाखवते, झोप नाही म्हणते, आजी व्हिनेगर लावायची म्हणते. मी सगळा धडा पाठ केला. आमच्या शाळेत पाठांतर म्हणजे पाठांतर होतं. उभं राहून, हात बांधून, एका श्वासात. मी तसाच केला. भांडी घासताना आना, फुलं काढताना आना. ह्यांनी एकदा विचारलं, "अगं, दुसरं काही शिकवतात की नाही?"

"आधी हे पक्कं होऊ दे," मी म्हटलं.

तिथेच थांबले असते तर आज हा चहा आपण वेगळ्या विषयावर प्यायलो असतो.

कार्मेनशी पहिलं बोलणं एका रविवारी ठरलं. त्यांची जेवणं आटोपतात तेव्हा आमच्याकडे दिवेलागण. केतकी तिकडे त्यांच्याच घरी, कार्मेनच्या शेजारी बसलेली. मी ठेवणीतली साडी नेसले, फोन डब्याला टेकवून उभा केला. कार्मेन दिसायला प्रसन्न बाई, बोलताना दोन्ही हात हलवते. ती काहीतरी भरभर बोलली. केतकीने सांगितलं, "आई, त्या म्हणतायत, तुमच्या घराचे फोटो बघितले, किती सुंदर घर आहे, झाडं, तळं."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला वेगळी सांगायला नको. विहिणीने घराचं कौतुक केलं की आपण घराला नावं ठेवायची. "कसलं हो घर, नुसता पसारा." मग तिने म्हणायचं, "छे हो, किती नीटनेटकं आहे." मग आपण म्हणायचं, "तुमच्यासारखं कुठलं?" असं तीन-चार वेळा झालं की दोघींचा मान राहतो आणि चहा येतो. यातलं कोणी काही मनावर घेत नाही. माझ्या लग्नात माझी आई सासूबाईंना म्हणाली होती, "आमच्या मुलीला काहीसुद्धा येत नाही." सासूबाईंनी ते खरं मानलं असतं तर मी अजून माहेरीच बसले असते.

तर मला म्हणायचं होतं 'कसलं हो घर'. ते स्पॅनिशमध्ये मला येत होतं का? नव्हतं. घराला नावं ठेवणारं एकच वाक्य माझ्याजवळ होतं. मी हात बांधले, मान किंचित खाली घातली आणि विनयाने म्हटलं, "एन मि कासा आय मुचोस मोस्कितोस."

कार्मेनचे हात हलायचे थांबले. "मुचोस?"

मी वाट बघत होते की ही आता 'छे हो' म्हणेल. ती म्हणेना. मला वाटलं, माझा विनय कमी पडला. म्हणून मी आणखी वाढवला. "मुचोस, मुचोस." आणि एकदा गाडी सुटल्यावर ती मध्ये कशी थांबणार? दंड दाखवला. मान दाखवली. पायाकडे बोट केलं. रात्र रात्र झोप नाही. आजी व्हिनेगर लावायची. उपयोग होत नाही. सगळं घर खाजवतं. आनाचा अख्खा धडा, मैत्रिणीची वाक्यं गाळून.

कार्मेनने चष्मा लावला. नवऱ्याला हाक मारली. कागद-पेन घेतलं आणि लिहायला लागली. बघा तरी, माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते हे, की किती गुणी माणसं, माझं बोलणं टिपून घेतायत. केतकी कॅमेऱ्याच्या कडेने डोळे मोठे करत होती. मी समजले, लेकीला आईचा अभिमान अनावर झालाय.

फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, "बारा मिनिटं बोलले. न अडखळता."

"आणि ती काय बोलली?"

"ती कुठे बोलली? तिला बोलायला मिळालंच नाही," मी म्हणाले, अशा थाटात की जसं काही बक्षीसच मिळालंय.

दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन. आवाज रडवेला.

"आई, तू काल काय बोललीस ते तुला कळतंय का?"

"का? चुकलं काही?"

"एक शब्द नाही चुकला. तेच तर झालं ना."

झालं असं होतं की पाब्लोची आजी एकोणऐंशीची, तिला घेऊन कार्मेन लग्नाला येणार होती. आता त्यांच्या घरात सगळ्यांनी बसून ठरवलं की लग्न तिकडेच करायचं. आजीला असल्या ठिकाणी न्यायचं नाही. आणि माझी इतकी दया आली होती त्यांना, की लग्नाआधी महिनाभर तिकडे राहायला ये, शांत झोप तरी मिळेल, असा निरोप होता.

"अगं, मी रीतीप्रमाणे बोलले," मी म्हटलं.

"त्यांच्याकडे ती रीत नाही, आई. त्यांच्याकडे माणूस म्हणाला डास आहेत, की डास असतात."

"केवढी विचित्र माणसं," मी म्हणाले. आणि बाहेर बघितलं. ओट्यावरून समोर बाबा दिसत होते. केतकीच्या केळीची सुकलेली पानं काढत होते, मध्ये दम घेत. लग्न तिकडे म्हणजे बाबांविना. आणि हे करणारी कोण, तर दहाव्या धड्याला न पोचलेली मी.

बाबांना कोणी सांगितलं नाही. पण वाडीत गोष्ट लपून राहते का? दोन दिवसांत उमेळ्यात झालं, केतकीचं लग्न डासांनी मोडलं. मग आले सगळे उपाय घेऊन. कोणी कापूर, कोणी शेण्या, कोणी लसणाच्या माळा. मच्छीवाली पाचूबंदरहून येते, ती टोपली उतरवत म्हणाली, "वैनी, सुकटाचं पानी चारी कोपऱ्यांत शिंपड. डास काय, पावना पन थांबनार नाय." आम्हाला पाहुणे तर यायलाच हवेत, हे तिला कोण सांगणार?

मीसुद्धा कंबर कसली. बावखलात गप्पी मासे सोडले. धुराच्या यंत्रवाल्याला इतके फोन केले की तो माझा आवाज ऐकून "येतो काकी" म्हणून ठेवून द्यायचा. आणि कार्मेनसाठी नवीन वाक्य पाठ केलं. "नो आय मोस्कितोस." डास नाहीत. एवढंच. या वेळी मोह नको.

पुन्हा रविवार, पुन्हा दिवेलागण. फोन लागायच्या आधी सुमनताईंनी खोलीत कापूर आणि शेण्यांचा असा धूर केला की मला डबाच सापडेना. पडद्यावर कार्मेन दिसली, तिला मी दिसले नाही. ती घाबरून काहीतरी म्हणाली.

"आई, त्या विचारतायत आग लागलीय का," केतकी म्हणाली.

"नो आय मोस्कितोस," मी धुरातून म्हटलं.

धूर जरा विरला आणि कुठून कोण जाणे, एक डास आला आणि माझ्या डाव्या गालावर बसला. कार्मेन बघतेय. मारायचा कसा? मी तोंडावर हसू तसंच ठेवलं आणि दुसऱ्यांदा म्हटलं, "नो आय मोस्कितोस." तो सावकाश जेवत होता. तेवढ्यात माझ्यामागून हे आले, हातात डास मारायची बॅट, आणि माझ्या डोक्यावर हवेत फिरवली. तड तड तड. ठिणग्या उडाल्या.

कार्मेनने छातीला हात लावला. काय झालं, म्हणून विचारत असावी. मला पहिल्या धड्यांमधला एकच शब्द आठवला. "फिएस्ता," मी म्हणाले. म्हणजे सण.

धुरात, बॅटच्या ठिणग्यांत, गाल सुजलेली एक बाई म्हणतेय की आमच्याकडे सण आहे. असं घर बघून कोण आपली आजी पाठवेल? मी असते तर माझा मुलगासुद्धा परत मागितला असता.

त्या गोंधळात काठीचा आवाज आला. बाबा. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना सगळं ठाऊक होतं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, फोनकडे बघितलं आणि खणखणीत मराठीत सुरुवात केली.

"विहीणबाई, नमस्कार. केतकी, सांग त्यांना. माझी सून आधी म्हणाली फार डास आहेत, आता म्हणते एकही नाही. दोन्ही खोटं. डास आहेत. संध्याकाळी दोन तास असतात. पायाला खोबरेल चोपडायचं आणि गप्पा मारत बसायचं. मी अठ्ठ्याऐंशी वर्षं बसलोय, मला काय झालं? तुम्ही या. मांडवाच्या केळी तयार आहेत. मी तुमच्याकडे येऊ शकत नाही, तुम्ही येऊ शकता."

केतकीने सांगितलं, मध्ये एकदा नाक पुसून.  मग पाब्लोची आजीच पडद्यात डोकावली आणि काहीतरी म्हणाली. सगळे हसले.

"त्या म्हणतायत," केतकी म्हणाली, "त्या येणार. हे आजोबा एकटेच सरळ बोलतात."

बाबा उठताना मला एवढंच म्हणाले, "शोभा, तू पुढचा धडा घे आता."

लग्न डिसेंबरात झालं. पाहुणे आदल्या दिवशी आले, अकरा माणसं. सगळ्यांचे पांढरे पायघोळ कपडे, हातमोजे, आणि डोक्यावर जाळी सोडलेल्या टोप्या, मधमाश्या काढायला निघाल्यासारखे. कार्मेनने कागदावर लिहून घेतलं होतं ना. सुमनताई माझ्या कानाशी आल्या. "ही यांची लग्नातली रीत का गं?"

खरं सांगण्याची एक संधी होती. मी म्हणाले, "हो. फार जुनी."

पण इतका धूर, इतके गप्पी मासे, वर डिसेंबरची थंडी. औषधाला म्हणून डास नव्हता. मुहूर्ताच्या दिवशी सकाळपासून अंगणात बसून बसून पाहुण्यांनी आधी हातमोजे काढले, मग टोप्या. मुहूर्त जवळ आला तेव्हा सगळ्याजणी बिनबाह्यांच्या झग्यांत, केसांत शेवंती माळून, बाबांच्या केळीखाली उभ्या. आजीबाई तर बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून पायाला खोबरेल चोळत होत्या. चावायला काही नव्हतं, तरी.

मग आहेर. कार्मेनने माझ्या हातात मोठं खोकं दिलं आणि डोळे पुसले. उघडलं तर आत जाळीची टोपी, तसलीच, पण खास माझ्यासाठी कमरेपर्यंत लांब शिवलेली, हात तेवढे बाहेर, खाली आवळायची नाडी. आणि व्हिनेगरची बाटली. आनाची आजी लावायची ना, म्हणून.

"घाल की," सुमनताई म्हणाल्या. "विहिणीचा आहेर आहे. तिच्यासमोर अंगावर घ्यायचा असतो."

"सुमनताई, ही जाळी आहे."

"असू दे. शालू दिला असता तर नेसली असतीस ना? मग त्यांच्या रीतीचा मान नको?"

रीत कोणी सांगितली होती त्यांना? मीच. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मांडवाचं छत बघत होते.

मी पैठणीवर ती जाळी चढवली. त्याआधी कार्मेनने स्वतःच्या हाताने माझ्या मानेला, कानामागे व्हिनेगर लावलं. लोणच्याच्या बरणीसारखी घमघमत मी मंगलाष्टकांना उभी राहिले. शंभर माणसांत तोंड झाकलेली एकटी मी, नवरीची आई.

आणि पहिल्या मंगलाष्टकाला माझ्या कानाशी बारीक आवाज आला. गुंई.

अख्ख्या वाडीत एकच डास उरला होता. तो जाळीच्या आत होता, माझ्याबरोबर.

कपाळ, हनुवटी, कान, एकेक करत तो सावकाश हिंडला. हात आत घालायला वाट नाही, जाळी काढायला तोंड नाही. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. कार्मेन माझ्याकडे वळली, जाळीवरून हात फिरवला आणि प्रेमाने विचारलं, "बिएन?" बरी आहेस ना?

डास चावतोय, दंड बघ, मान बघ, सगळं मला तिच्या भाषेत येत होतं. अस्खलित. उभं राहून, एका श्वासात.

"मुई बिएन," मी म्हणाले. अगदी उत्तम.

तो फोटो हॉलमध्ये लावलाय, जाताना बघा. केतकी, पाब्लो, बाबा, केळी, सगळं छान आलंय. आणि कडेला जाळीत जी बाई हसतेय, तिच्या नाकाच्या शेंड्यावर जो काळा ठिपका दिसतो ना, तो तीळ नाही.